ठेवून द्यायची गाठ

केळं आडवं कापलं की चकतीच्या मधोमध तीन बारीक रेघांची चांदणी दिसते. जळगावकडच्या फैजपूर, सावदा, रावेर या केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ती वेगळी दाखवावी लागत नाही, शिकरण करताना ती रोजच सुरीखाली येते. यकृतात होणाऱ्या एका गाठीच्या पोटातही बहुधा अशीच चांदणी असते. सीटी स्कॅनमध्ये ती दिसली की रेडिऑलॉजिस्टचा जीव भांड्यात पडतो, कारण बाकीच्या खुणा जुळल्या तर तिचा अर्थ एकच: हिला हात लावू नका. हे चार शब्द खात्रीने म्हणायला वैद्यकाला शंभर वर्षं लागली.

ते ऐकून पटायला माणसाला किती वेळ लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरबाहेरच्या बाकड्यावर बसलं की कळतं. बाई आलेली असते पित्ताच्या त्रासाला. जेवल्यावर जड वाटतं, बरगडीखाली टोचतं, एवढीच तक्रार. आत अंधाऱ्या खोलीत पोटावर थंडगार जेल पडतं, प्रोब उजवीकडे सरकतो आणि एका जागी जरा जास्त वेळ थांबतो. बाहेर आल्यावर ती बरोबरच्या जावेला सांगते, ‘पोटात गाठ निघाली म्हने.’ रात्रीपर्यंत भुसावळच्या जावयापासून सुरतेच्या भावापर्यंत सगळ्यांना फोन गेलेले असतात. रिपोर्टवर इंग्रजीत ‘हिमँजिओमा’ असं लिहिलेलं. कुणीतरी मोबाइलवर अर्थ शोधतं, तिथे ‘ट्यूमर’ हा शब्द सापडतो, आणि आपल्या बोलण्यात ट्यूमर म्हणजे कॅन्सरच. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘मावशी, काही करायचं नाही.’ मावशींना या वाक्याचे दोनच अर्थ माहीत असतात. एक तर आता करण्यासारखं काही उरलं नाही, नाही तर हा डॉक्टर कच्चा आहे. खरोखरच काही करायचं नसतं, हा तिसरा अर्थ. त्याच्याच वाटेचा हा मागोवा.

सुरुवात शब्दापासून करावी लागते, कारण या अवयवाच्या नावातच आपला घोटाळा आहे. आज आपण काळीज म्हणतो आणि हात छातीच्या डाव्या बाजूला नेतो. पण काळीज हा शब्द मुळात यकृताचा. खाटकाच्या दुकानातली कलेजी अजून तोच जुना अर्थ सांभाळून आहे. काळजाचं पाणी होतं तेव्हा भाषेच्या हिशेबाने यकृताचंच पाणी होत असतं. आयुर्वेदाने यकृत आणि प्लीहा यांना रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ मानलं. यकृत वाढून पोट मोठं होण्याला ‘यकृद्दाल्युदर’ असं नाव दिलं. सुश्रुताने गाठींचे दोन वर्ग केले, ग्रंथी आणि अर्बुद. अर्बुद म्हणजे गोल, घट्ट, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. आजचे मराठी वैद्यकीय ग्रंथ ट्यूमरला अर्बुद म्हणतात ते तिथूनच आलं. मात्र हे सगळं ज्ञान बोटांचं होतं. यकृत बरगड्यांच्या आड दडलेलं. ते सुजून खाली उतरलं तरच बोटांना लागणार. आत लिंबाएवढी गाठ निवांत बसलेली असली, तर जगातल्या कुठल्याच वैद्याला ती कळण्याचा मार्ग नव्हता.

ती पहिल्यांदा दिसली मेलेल्या माणसांत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रुग्णालयांत शवविच्छेदन नेमाने होऊ लागलं आणि क्षयाने, न्युमोनियाने, अपघाताने गेलेल्यांच्या यकृतावर जांभळट, स्पंजासारखे डाग सापडू लागले. रक्तवाहिन्यांचं जाळं गुंतून झालेली ही गाठ म्हणजेच हिमँजिओमा. पुढे मोजदाद झाली तेव्हा काही ठिकाणी शंभरात एकाहून कमी, तर काही ठिकाणी शंभरात वीस शवांत ती आढळली. ज्याने जितकं बारीक पाहिलं, तितक्या त्याला सापडल्या. म्हणजे असंख्य माणसं ही गाठ घेऊन जन्मभर नांगरटी, बाळंतपणं, भांडणं सगळं करून दुसऱ्याच कारणाने मरत होती. गाठ होती, रोगी नव्हता. ही गोष्ट शवविच्छेदनाच्या टेबलावर तेव्हाच लिहिलेली होती. ती वाचायला पुढच्यांनी उशीर केला.

कारण मधे सर्जन आला. भूल आणि जंतुनाशकं हाताशी आल्यावर पोट उघडण्याचं धाडस वाढलं. पण यकृत म्हणजे रक्ताने भिजलेला अवयव. टाका घालावा तर धागा लोण्यातून जावा तसा आरपार जातो. १८८६ साली इटलीत लियुस या सर्जनने एका बाईच्या यकृताच्या डाव्या भागातली गाठ, अ‍ॅडिनोमा, कापून काढली. रक्तस्रावाने ती काही तासांतच गेली. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी यशस्वी शस्त्रक्रियेची हकीकत छापली. पित्ताशय काढण्याची जगातली पहिली शस्त्रक्रियाही १८८२ मध्ये याच गृहस्थांनी केली होती. तीस वर्षांची बाई, पोटात दुखणारा गोळा. गोळा काढला, त्याच दिवशी रक्तस्रावामुळे पोट पुन्हा उघडावं लागलं, पण बाई वाचली. आणि तो गोळा होता तरी काय? लांगेनबुख यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलं आहे: घट्ट कॉर्सेट आवळून आवळून यकृताचा जो भाग दबून लोंबू लागतो, तो. युरोपी बायकांच्या कंबर बारीक दिसण्याच्या हौसेने घडवलेला यकृताचाच तुकडा. यकृत ठरवून कापण्याच्या विद्येची पहिली यशस्वी नोंद अशा गाठीवर आहे, जी खरं तर गाठच नव्हती.

पुढची वीस वर्षं कापण्याची विद्या झपाट्याने वाढली. अमेरिकेत विल्यम कीन यांनी १८९९ मध्ये गाठींसाठी यकृत कापल्याच्या ७६ हकीकती एकत्र मांडल्या. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा बोटांच्या चिमटीत धरून रक्त थांबवायची युक्ती सांगितली. पाटाचं पाणी बांधावरच अडवावं तशी. तिला आजही त्यांचंच नाव आहे. त्यांचे स्वतःचे बहुतेक रोगी वाचले नाहीत, युक्ती मात्र वाचली. विसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या क्लोद क्विनो यांनी यकृतातल्या शिरांचे साचे काढून त्याचे आठ भाग पाडले. सातबाऱ्यावर गट नंबर असावेत तसे सर्जनला आता हद्दी मिळाल्या. कुठला गट घेतला तर शेजाऱ्याचं पाणी तुटणार नाही, हे कळू लागलं.

कापायची विद्या अशी वाढत होती, पण गाठ आधी दिसायला तर हवी. त्यासाठी थोडं मागे जाऊन फैजपुरात येऊ. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, धनाजी नाना चौधरी यांची मेहनत, नंदलाल बोस यांची बांबू-चटयांतली सजावट. देशभरातून आलेल्या त्या गर्दीत किती जणांच्या यकृतात निरुपद्रवी गाठी असतील? शवविच्छेदनांचा हिशेब लावला तर शेकड्याने. पण त्यांतली एकही गाठ कुणाला दिसण्याची सोय नव्हती. क्ष-किरण सापडून चाळीस वर्षं झाली होती, पण त्या फोटोत यकृत म्हणजे एक करडी सावली. तिच्यातली गाठ त्याच रंगाची.

सावलीतलं दिसावं म्हणून त्याच काळात युरोप-अमेरिकेत एक औषध शिरेतून टोचत होते, थोरोट्रास्ट. त्यात थोरियम होतं. ते यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसायचं आणि क्ष-किरणांच्या फोटोत अवयव लख्ख उमटायचे. डॉक्टर खूश. पण थोरियम किरणोत्सारी, आणि शरीर ते बाहेर टाकत नाही. पुढच्या काही दशकांत त्या रोग्यांच्या यकृतात अँजिओसार्कोमा नावाचा अतिशय दुर्मिळ आणि जीवघेणा कॅन्सर दिसू लागला. १९४७ मध्ये पहिली हकीकत छापून आली. गाठ शोधायला वापरलेल्या औषधानेच गाठ घातली. बघण्याचीही किंमत असते, हा धडा या इतिहासात इतका महाग पडला.

बिनधोक बघण्याची वाटही ग्लासगोतच सापडली. इयन डोनाल्ड हे तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ. जहाजाच्या आणि बॉयलरच्या पोलादातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरी वापरतात, हे त्यांना ठाऊक होतं. जुलै १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या गाठी गाडीच्या डिकीत टाकून ते बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्राखाली ठेवून पाहिल्या. तुलनेला कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा दिला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचा प्रतिध्वनी वेगळा येत होता. मग माणसावर प्रयोग. पोटाचा असाध्य कॅन्सर म्हणून सोडून दिलेली एक बाई त्यांनी तपासली. यंत्र म्हणालं, आत पाणी आहे. शस्त्रक्रिया झाली तेव्हा निघाली अंडाशयाची भलीमोठी साधी गाठ. बाई बरी झाली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला, विषय पोटातल्या गाठी. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गर्भ आठवतो. पण जन्मली ती कॅन्सर वाटणारी गाठ साधी आहे हे सांगत.

१९५८ हे सालच नवलाचं. त्याच वर्षी इटलीच्या मेंघिनी यांनी यकृतात क्षणभरच राहणाऱ्या सुईने तुकडा काढायची पद्धत मांडली, आणि त्याच वर्षी अमेरिकेचे पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी त्या चांदणीवाल्या गाठीचं बारसं केलं: फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया, डॉक्टरांच्या तोंडी एफएनएच. तोवर तिला जो तो वेगळ्या नावाने हाक मारायचा आणि अ‍ॅडिनोमाशी तिची गल्लत व्हायची. बघायचं यंत्र, तुकडा काढायची सुई आणि नाव, तिन्ही एका वर्षात. तरी त्यांची गाठ पडायला अजून वेळ होता.

मधल्या काळात दोन कारखान्यांनी यकृताला नव्या गाठी दिल्या. पहिला औषधांचा. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाली. तेव्हाच्या गोळीत इस्ट्रोजेनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं. १९७३ मध्ये मिशिगनच्या जॅनेट बॉम आणि सहकाऱ्यांनी गोळी घेणाऱ्या सात तरुणींच्या यकृतांतल्या गाठींची नोंद छापली. एरवी क्वचित दिसणारा अ‍ॅडिनोमा अचानक समोर येऊ लागला होता. हिमँजिओमा, एफएनएच आणि हा, या तिन्ही गाठींत हाच जरा बेभरवशाचा. फुटून पोटात रक्तस्राव करू शकतो, कधी कॅन्सरकडेही वळतो. आपल्याकडे कुटुंबनियोजनाचा अर्थ मुख्यतः बाईचं ‘ऑपरेशन’ असाच राहिला, गोळी मागे पडली. १९८७ मध्ये स्वस्तात आलेली माला-डी कमी मात्रेची. तेव्हा गोळी घेणाऱ्या बाईने हे वाचून घाबरू नये; डॉक्टरला मात्र सांगावं. तसंच जिममध्ये दंड फुगवायला स्टिरॉइड टोचून घेणाऱ्या पोराने सांगावं. त्या इंजेक्शनांनीही अ‍ॅडिनोमा होतो, आणि पुरुषाच्या अ‍ॅडिनोमाचा कॅन्सर होण्याचा धोका जास्त.

दुसरा कारखाना प्लास्टिकचा. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल गावच्या पीव्हीसी कारखान्यातल्या काही कामगारांच्या मृत्यूचं कारण एकच असल्याचं कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्या ध्यानात आलं: थोरोट्रास्टवाला तोच अँजिओसार्कोमा. पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइड वायूच्या टाक्या आतून खरवडणारे हे लोक. वर्षभरात तिथल्या सरकारने या वायूची हवेतली मर्यादा दहा लाख भागांत ५०० वरून एकावर आणली. आपल्या केळीबागांत पाणी खेळवणारे पाइपही पीव्हीसीचेच. जळगावात जैन समूहाने ते १९८० पासून बनवायला घेतले. धोका तयार पाइपात नाही, त्याआधीच्या वायूत होता. पण शेताच्या बांधावर पडलेल्या त्या पाइपाच्या वंशावळीत दूरवरच्या काही कामगारांची यकृतं आहेत, एवढं आठवणीत असावं.

मग आला सीटी स्कॅन. १९७१ मध्ये मेंदूपासून सुरू झालेलं हे यंत्र पुढे पोटावर आलं, पाठोपाठ एमआरआय आला, आणि गाठ नुसती दिसण्यापेक्षा ती कशी भरते हे बघता येऊ लागलं. शिरेतून औषध सोडायचं आणि थांबून थांबून फोटो काढायचे. हिमँजिओमा वाफ्यासारखा भिजतो: आधी कडेकडेने, मग हळूहळू मध्याकडे. एफएनएच उलटी: तिची धमनी मधोमध शिरते आणि चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरते, म्हणून ती एका झटक्यात उजळते आणि मधली चांदणी तेवढी काळी राहते. कॅनडाच्या इयन वॉनलेस यांनी १९८५ मध्ये तिचं मूळ सांगितलं: ही शत्रूची चाल नव्हे. एका जागी धमनीचं रक्त जास्त मिळालं, म्हणून यकृताच्या पेशी तिथे जोमाने वाढल्या. पाट फुटून एका वाफ्यात जास्त पाणी गेलं की तिथली केळ पोसते, तसंच. अशा गाठीचा कॅन्सर होत नाही. लांगेनबुखपासून मोजली तर इथे शंभर वर्षं भरत आली.

ओळखता आल्यावर सुईसुद्धा मागे घेता आली. खुणा स्पष्ट असतील तर हिमँजिओमात सुई घालत नाहीत, उगाच रक्तस्राव कशाला. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या साखळीतून येणारी हायडॅटिड गाठ यकृतात दिसली तर सरळ सुई टोचणं आणखी धोक्याचं. आतलं पाणी सांडलं तर रोग पोटभर पसरतो आणि शरीराची जोराची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. सुई लागते ती चित्र गोंधळाचं असेल तेव्हा, आणि मुख्यतः अ‍ॅडिनोमासाठी. २००६ पासून फ्रान्समध्ये जेसिका झुकमन-रॉसी आणि बोर्दोच्या पॉलेट ब्यूलाक-साज यांनी अ‍ॅडिनोमाच्याही पोटजाती जनुकांवरून वेगळ्या केल्या. कुठली कॅन्सरकडे वळते आणि कुठली बहुधा शांत राहते, ते सांगितलं. त्याच बोर्दोमध्ये २००८ मध्ये रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी प्रोप्रॅनोलोल तान्ह्या बाळांचे हिमँजिओमा ओसरवते, हे योगायोगाने लक्षात आलं. बाळांच्या यकृतातल्या अशा गाठींवरही आज ती वापरतात. मोठ्यांचा हिमँजिओमा वेगळ्या जातीचा. त्याला ती लागू नाही.

आजचा नियम त्यामुळे थोडक्यात सांगता येतो. हिमँजिओमा आणि एफएनएच खात्रीने ओळखले, त्रास नसला, तर ठेवून द्यायचे. खूप मोठा हिमँजिओमा दाबामुळे दुखत असेल तरच तो सोलून काढायचा किंवा त्याचा रक्तपुरवठा तोडायचा. अ‍ॅडिनोमा पुरुषाचा असेल तर काढायचा. बाईचा असेल तर आधी गोळी बंद करायची, वजन उतरवायचं, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. पाच सेंटीमीटरवर राहिला किंवा वाढला तर काढायचा. ज्याला आधीच सिऱ्होसिस किंवा जुनी ‘बी’ कावीळ आहे, त्याची गाठ मात्र या हिशेबात धरायची नाही. तिथे कॅन्सर नाही हे आधी सिद्ध करावं लागतं.

हा नियम फैजपूरपर्यंत पोचवला त्या प्रोबनेच, ज्याच्या माथी खानदेशात दुसराही इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत लहान मुलींच्या संख्येत राज्यातल्या सर्वांत चिंताजनक जिल्ह्यांत जळगाव होता. म्हणून प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर तो फलक असतो: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. बाकड्यावर बसलेल्या मावशी तो फलक वाचत असतात. या यंत्राने आपल्या गावांत जे करायला नको होतं ते करून झालं आहे. आता तेच यंत्र त्यांना सांगतं, काही करू नका. त्यांना ते पटत नसेल तर दोष एकट्या त्यांचा नाही.

घरचे म्हणतात, एकदा टाटाला दाखवून येऊ. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि आपल्या भाषेत ‘टाटाला नेलं’ याचा अर्थ एकच होतो. भुसावळहून रात्रीची गाडी, दादरला उतरणं, नात्यातल्या कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम. सगळ्या हिमँजिओमांसाठी ती वारी लागत नाही. लागते ती एक साधी गोष्ट, जी इथल्या इथे होते. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा कुणी सोनोग्राफी करतं तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘जुना रिपोर्ट आणलाय का?’ गेल्या वेळी दोन सेंटीमीटर, आजही दोन, म्हणजे विषय संपला. तो कागद नसेल तर गाठ पुन्हा नवी, भीती पुन्हा नवी, आणि कदाचित सुईही.

म्हणून मावशींना सांगायचं एवढंच, की रिपोर्टांची पिशवी टाकू नका. फिल्म उन्हात ठेवू नका, नातवाला खेळायला देऊ नका. केळीपट्टीच्या पावत्या, सातबारा, पोरीच्या लग्नाचे हिशेब ज्या पेटीत आहेत त्या पेटीत ती राहू द्या. वर तारीख घाला. डॉक्टरने काही केलं नाही असं कुणी म्हणालं, तर तो कागद काढून दाखवा. त्याने काय केलं, ते त्यावर लिहिलेलं आहे.